डावं पायडल

रंग खरवडताना आधी निळा निघाला,
मग हिरवा, मग मूळचा काळा,
आणि सीटखालच्या नळीवर
खिळ्यानं ठिपका ठिपका ठोकलेलं :
न. ध. बडगुजर, साचेखातं.

ओळखत नाही मी त्यांना.
अमळनेरच्या भंगारात किलोच्या भावानं मिळाली ही.
तारा तीन रात्री घासलेटात,
छर्रे मोजून बशीत. एक कमी.
तो बायकोला सापडला, तूरडाळ निवडताना.

बाकी सगळं बदललं,
डावं पायडल तेवढं राहू दिलं.
एका कडेला झिजून खोलगट झालंय :
टांग मारण्याआधीचा बडगुजरांचा पाय
रोज पाळीला निघताना तिथेच पडत असणार.

माझी टांग आता वर जात नाही.
सायकल ओट्याला लावतो,
नवरदेव घोड्यावर चढावा तसा चढतो.
पारोळ्याच्या रस्त्याला उजाडायच्या आत,
मागे आत्माराम भावसार, त्याच्या डायनॅमोची घरघर.

“कथा चालनात, आप्पा?”
कपाशीतून कुणीतरी.

कथाच नही, भाऊ.
उतार लागलाय. पाय थांबवलेत.
फ्रीव्हील किरकिरतंय, ते ऐकतोय.
ओट्याशिवाय उतरायचं कसं,
ते पारोळ्यात बघू.