पांढरा साका

प्रयोगशाळेच्या फ्रीजवर पाटी आहे :
यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत.
तरी कुणाचं तरी ताक रोज असतंच,
मासुंदा आणि कचराळीच्या मधोमध.

माझं काम नमुन्यांचं.
क्रमांक, वेळ, तापमान,
ऊन की ढगाळ, वास असल्यास कसा.
वासाच्या रकान्यात पर्याय तीनच :
नाही, सौम्य, तीव्र.
सहा वर्षांत एकदाच मी पेन्सिलीनं लिहिलं,
'सुक्या बोंबलाच्या रिकाम्या डब्यासारखा',
आणि सरपोतदार सरांनी काही न बोलता
खोडरबर पुढे सरकवला.

सोमवारी दुपारी
चेंदणी कोळीवाड्याचे हरेश्वर नाखवा आले
कोल्ड्रिंकच्या बाटलीत खाडी घेऊन.
अर्ज नाही, शुल्काची पावती नाही.
"बघ ना बाय, काय हाय हिच्यात.
निवट्या पन नाय र्‍हायल्या."

असं चालत नाही, हे मी सांगणार होते.
बाटली अर्धी, नमुना हिंदकळलेला,
तीन हात नाक्यावर रिक्षा अडकलेली पाऊण तास.
पण ते टेबलाशी असे उभे होते
जसं रक्त तपासायला आणलेल्या माणसाच्या
सोबतीला आलेलं कुणी उभं राहतं.

मँगनीज सल्फेट दोन मिली.
अल्कली आयोडाइड दोन मिली.
बूच. पंधरा वेळा उलटसुलट.
साका उतरला तपकिरी,
कडक चहासारखा.
"म्हंजे चांगलं?"

रंगावरून तर चांगलंच.
मग सांगावं लागलं :
काका, हा प्राणवायू खाडीचा नाही.
हा रस्त्याचा आहे.
प्रत्येक खड्ड्यानं थोडा थोडा
घुसळून आत घातलेला.
ते मनापासून हसले.
"खड्ड्यांचा यवरा तरी उपेग."
खड्डेही आमच्याच महापालिकेचे,
म्हणून मीही हसले, पण जरा जपून.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.
ओहोटी. होडी. पर्समध्ये
रुमालात गुंडाळलेली काचेची बाटली.
पाण्याखालीच बूच लावायचं,
आत एक बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही,
हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
पलीकडे रोहित पक्षी चिखलात माना घालून उभे होते,
त्यांना काय सापडत होतं, त्यांनाच माहीत.
होडीतच दोन्ही द्रावणं घातली.
हात हलत होते, किंवा होडी.

साका पांढरा.
तांदळाच्या पिठासारखा.
नाखवांनी बाटली उजेडात धरली
आणि म्हणाले, "किती सवच्छ!"

मी वल्ह्याकडे बघत राहिले.
कळलं त्यांना, माझ्या न बोलण्यावरून.
बाटली त्यांनी परत दिली,
तोंड वर राहील अशी, सरळ धरून.

अहवालात शून्य लिहीत नाहीत.
शून्य मोजणारं उपकरण आमच्याकडे नाही.
लिहायचं असतं, आढळले नाही.
पण या बाटलीला अहवालच नव्हता,
क्रमांक नव्हता,
नोंदवहीत ओळ नव्हती.

शुक्रवारी सरांनी फ्रीज उघडला.
"ही कुणाची?"
"खाडीची, सर."
ते बराच वेळ साक्याकडे बघत राहिले.
मग ताकाचा डबा उचलला, आपलाच होता तो,
आणि बाटली नीट आत सरकवली.