खालचा सिलिंडर

कुरियातला मे. सकाळी आठलाच पाना हातात धरवत नाही.
खमीसचा पिकअप चार जणांनी ढकलत आणला,
अठ्ठ्याऐंशीचा, एकेकाळी पांढरा,
मागच्या फळीवर मिठाचे नकाशे.
"मकबूल," तो म्हणाला, "परत तेच."
परत हा शब्द गॅरेजात फार जड असतो.

महिन्यापूर्वी मीच म्हटलं होतं, खालचा सिलिंडर गेला.
खात्रीनं म्हटलं होतं.
बारा रियाल घेतले होते.

पेडल दाबलं. पाय सरळ तळाला,
ओहोटीच्या चिखलात जातो तसा.
तीनदा भराभर मारलं की थोडं वर येतं.
इंजिन बंद असलं तर गियर मुकाट पडतो,
चालू केलं की दात खातो.

डबीतलं ऑइल बघितलं. काळं, पण भरलेलं.
पेडलच्या मागे दांडा जिथे पत्र्यात शिरतो
तिथे बोट फिरवलं. कोरडं.
पुठ्ठ्यावर पाठ टाकून खाली सरकलो,
नव्या सिलिंडरची रबरी टोपी उचलली. कोरडी.
गळणारी गाडी बरी,
निदान बोट तरी दाखवते.

वर सीटवर टेकबहादूर. पोखऱ्याचा, दोन वर्षं माझ्याकडे.
त्याला मराठीचे तीनच शब्द येतात:
दाब. धर. सोड.
बाकी आम्ही हिंदीत भांडतो,
पण गाडीखालून ओरडताना हिंदी निघत नाही,
निघतं ते दाभोळच्या जेटीवरचं.
दाब. धर.
निपल उघडला, चिळकांडी उडाली, बुडबुडा नाही.
निपल बंद. सोड.
पुन्हा दाब, पुन्हा धर, पुन्हा नुसतं ऑइल माझ्या कोपरापर्यंत.
म्हणजे हवाही नाही.

तिथेच पडून राहिलो थोडा वेळ.
खालून खमीसच्या चपला दिसत होत्या
आणि त्यांच्याभोवती घमेल्याएवढी सावली.
तीन दिवस त्याची होडी वाळूवर होती
आणि तो काही बोलत नव्हता.
शिवी दिली असती तर माझा हात लवकर चालला असता.

मग नळी.
वीतभर रबर, वरच्या पाइपापासून खालच्या सिलिंडरपर्यंत,
गाडीच्याच वयाचं.
तिच्याकडे कोण बघतं? ती फक्त मध्ये असते.
वरच्या टोकाला फडकं गुंडाळून पकडीत आवळली.
दाब, म्हटलं.
"उस्ताद, पत्थर हो गया!"
म्हणजे वरचा सिलिंडर धडधाकट.
पकड काढली, नळी मुठीत धरली.
दाब.
आणि ती फुगली माझ्या हातात,
बेडकाच्या गळ्यासारखी.
सोड म्हटलं, परत बारीक.
पायाचा सगळा जोर पोटात घेत होती,
खाली काही पोचू देत नव्हती,
आणि बाहेरून एक चीर नाही.

अजून दोनदा दाबायला लावलं.
गरज नव्हती.

मस्कतहून नवी नळी संध्याकाळच्या टॅक्सीनं आली, साडेतीन रियाल.
बॅटरीच्या उजेडात बसवली,
काळं ऑइल काढलं, मधाच्या रंगाचं भरलं,
दाब, धर, सोड, टेकचा आवाज बसेपर्यंत,
कारण तोही आता माझ्याबरोबर म्हणत होता.

खमीसनं पेडल दाबलं. चेहरा तसाच.
फक्त दोनदा परत दाबून बघितलं,
दात पडलेल्या जागी मूल जीभ लावून बघतं तसं.
गियर पडला, आवाज नाही.
मी बारा रियाल पुढे केले.
त्यानं मोजून पाच घेतले, सात माझ्या खिशात कोंबले,
का, ते सांगितलं नाही,
आणि किनाऱ्याकडे निघून गेला, मागचा एक दिवा बंद.

टेक नळावर हात धूत होता.
मी ड्रॉवर उघडला, महिन्यापूर्वी काढलेला सिलिंडर
फडक्यातून बाहेर घेतला.
दट्ट्या सरकवला. सील घट्ट. आत ओरखडा नाही.
गुरुवारी भंगारवाला येतो,
त्याला तो दिला नाही.
पुसला, परत गुंडाळून ठेवला.

त्याला काही झालेलंच नव्हतं.