टिकल्या

सर्व संबंधितांना कळवलं होतं:
बुधवारी, अकरा वाजता, शाळेच्या जिमखान्यात.
चिलोए बेटाच्या या टोकाला
बुधवारी अकराला समुद्र पार मागे हटलेला असणार,
हे सान्तियागोत बसून पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.
पत्र मीच लिहिलं होतं.

भिंतीवर तक्ता. आडव्या रेषेवर कंपनीला काय जड,
उभ्या रेषेवर गावाला काय.
माणशी पाच हिरव्या टिकल्या.
आले कोण, तर पाद्री, नगरपालिकेचा कारकून,
जाळी पुरवणारा, लॉजची मालकीण,
आणि तास बुडतो म्हणून सहावीचा अख्खा वर्ग.
कार्बनवर टिकल्यांची दाटी झाली.
पाण्यातल्या प्राणवायूला सात.
पाणबुड्यांचं आरोग्य: एक.
तीही पाद्र्याने, कुठे लावू कुठे लावू करत.
उरलेल्या पोरांनी नाकाला लावल्या.

बाकं उचलत होतो तेव्हा एर्सिरा नावाची बाई आली.
गुडघ्यापर्यंत बूट, बादलीत शिंपल्या.
म्हणाली, भरती लागली तेव्हा कुठे सुटले.
मग तक्ता वाचत राहिली, ओठ हलवत,
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसा.
‘यात रेनानचा खुबा कुठेय?’

रेनान तिचा मुलगा. चौतिशीचा.
मेलेले सॅमन वर काढायला
दिवसातून नऊ नऊ वेळा पिंजऱ्याखाली जायचा.
खुब्याचं हाड आता विरलंय, ओल्या पावासारखं.

मी बोट ठेवलं त्या चौकोनावर.
‘एवढाच?’

टिकल्या संपल्या होत्या.
मी पाकीट उलटं करून दाखवलं. खरंच.
तिने चिखलाचा अंगठा तिथे टेकवला
आणि दाबून धरला,
कुणी दार उघडेपर्यंत घंटा दाबून धरावी तसा.

तक्ता स्कॅन केला तेव्हा मशीनने
डाग समजून तो पुसला.
मी अहवालात तळटीप घातली:
बैठकीच्या वेळी ओहोटी होती.
साहेबांनी समासात लिहिलं, याचा संबंध काय?
तळटीप गेली. कार्बन पहिला आला.

मूळ कागद माझ्या दाराआड उभा आहे, गुंडाळून.
परवा उलगडला. अंगठा सुकून भेगाळलाय,
एका भेगेत मिठाचा कण.
चाखून पाहिला नाही.
बोट मात्र जिभेपर्यंत गेलं होतं.