चाळीस यार्ड

एकोणीस वर्षं मी तारे वाटले.
दक्षिण जॉर्जियात, शुक्रवारी रात्री,
पत्र्याच्या बाकावर, मानेवर चिलटं घेऊन.
भुईमूग उपटल्यावर उडते ती धूळ
दिव्यांच्या झोतात तरंगायची
आणि खाली लंबगोल चेंडूमागे
सतरा वर्षांची पोरं.

कुणाला दोन, कुणाला तीन.
पाच म्हणजे वर्षातून एखाद्याला,
तेही अटलांटाला दोनदा फोन करून.
बायको म्हणायची, तू तारे वाटत नाहीस,
तारे तोडतोयस.

मोजायचो काय? चाळीस यार्ड किती सेकंदांत.
तळहाताची वीत. मनगट.
बाप किती उंच; बाप नसेल तर मामा.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे,
मी बुटाचा नंबर लिहून घ्यायचो.
चौदा. म्हणजे अजून वाढेल.

ओमारियन प्रिजेनला मी पाच दिले.
त्याची आई व्हर्नेल शाळेची बस चालवायची.
तिनं ते छापील पान फ्रिजवर लावलं
टायरच्या दुकानानं फुकट दिलेल्या चुंबकाखाली.
महिन्याभरात आठ प्रशिक्षक तिच्या घरी येऊन गेले,
एकानं तिच्या हातची तळलेली भेंडी
तीनदा वाढून घेतली.

त्याच रात्री, त्याच मैदानावर
लेथन नावाचा एक जाडा पोरगा
दर वेळी पडल्यावर
आधी दुसऱ्याला उठवत होता.
ते लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
मी लिहिलं: पाय जड. दोन तारे.
त्यातला एक दयेचा.

तुम्हाला वाटेल, लेथनच पुढे मोठा झाला.
नाही. तो काओलिनच्या खाणीत ट्रक चालवतो,
रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून देतो.
मोठा झाला तो तिसराच,
जो त्या रात्री बँडमध्ये ट्यूबा वाजवत होता,
एकोणिसाव्या वर्षी अचानक पाच इंच वाढला
आणि ज्याचं नाव मी
टीव्हीवर पहिल्यांदा ऐकलं.

आणि ओमारियन?
गुडघा नाही, दारू नाही, गोळी नाही.
नुसतं, जिथे गेला तिथे
त्याच्यासारखे अकरा जण होते.

निवृत्त झाल्यावर मी वह्या काढून बसलो.
पाच तारे दिलेले चौदा;
त्यातले सहा पुढे पगार घेऊन खेळले.
दोन तारे दिलेले अकराशे;
त्यातले नऊ.
म्हणजे मी बरोबर होतो.
आणि नऊ हे सहापेक्षा जास्त आहेत.
ही दोन वाक्यं मी बायकोला वाचून दाखवली,
ती म्हणाली, जेवून घे.

ऑगस्टमध्ये आमचा एसी बंद पडला.
शिडी घेऊन आला तो ओमारियन.
पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल,
गाडीवर स्वतःचं नाव, निळ्या अक्षरांत.
त्यानं मला ओळखलं. मी विषय काढणार नव्हतो,
तरी काढलाच: तुझ्या बाबतीत माझं चुकलं.
तो पंख्याची पाती पुसत म्हणाला,
कुठे चुकलं? चार अडतीस.
धावलो होतो ना मी तेवढ्यात.

मग गार हवा आली. त्यानं पावती फाडली,
आईची तब्येत सांगितली, गेला.

तो वळणावरून दिसेनासा होईतो
फोन वाजला:
आजच्या कामगाराला किती तारे द्याल?
पाच पोकळ तारे, एका ओळीत,
बोट लागायची वाट बघत.
आणि त्यांच्या खाली, पहिल्यांदाच,
एक रिकामा रकाना.