बेचाळिसावी सही

कोपऱ्यावरच्या राखीव प्लॉटवर
छोटी छोटी एकशेवीस घरं व्हावीत,
त्याला आम्हा शेजाऱ्यांची हरकत नाही,
एवढंच लिहिलंय कागदावर.
एवढ्याशा ओळीसाठी
दोन महिने सिडकोतले जिने चढतेय मी.

शिरसाठांच्या सुनेनं सही केली,
सासऱ्यांनी खोडली.
दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा केली, जरा दाबून.

मंडळाची पोरं म्हणाली, मग मांडव कुठं घालायचा?
बरोबर होतं त्यांचं.
टेप आणली, चपला काढून मोजलं मैदान.
पूर्वेची पट्टी उरते. मांडव बसतो.
क्रिकेटचं काही सांगता येत नाही.

देवरे सर दारातच उभे.
"झोपडपट्टी होईल. भाव पडतील."
"घंटागाडीवरचा रोहिदास येईल, सर.
रात्रपाळीची सिस्टर येईल, जी आत्ता
पहाटेची पहिली बस धरून गिरणाऱ्याला जाते.
अंबडला मशीनवरची कंत्राटी पोरं येतील.
तुम्ही कधी आलात इथं?"
"चौऱ्याऐंशीत. नुसत्या बाभळी नि वारा.
पंचवटीतले पाहुणे म्हणायचे,
काड्यापेटीत राहायला गेले देवरे."
एवढं बोलले
आणि गप्प झाले.

त्यांच्या काड्यापेटीवर आता दोन मजले,
गॅलरी रस्त्यावर हातभर पुढे.
मी वर पाहिलं नाही.

मग खिशातून लाल पेन निघालं.
टायपिंगवाल्यानं 'शेजार्यांची' छापलं होतं;
सरांनी रफार खोडला,
वर सावकाश ऱ्या काढला, फळ्यावर काढावा तसा,
नि सहीच्या रकान्यात लिहिलं:
पाणी सकाळी वीस मिनिटं येतं. आधी त्याचं बोला.

तीच मी बेचाळिसावी सही धरली.
अर्जात सगळ्यात वर घातली.

रविवारी प्लॉटवर बैठक.
महापालिकेचा माणूस टाकीचा नकाशा घरी विसरलेला,
काडीनं मातीतच काढून दाखवत होता.
शिरसाठ सासरे लांब, स्कूटरला टेकून.
ऊन चढायच्या आत देवरे सर आले,
दोन्ही हातांत एकेक खुर्ची.
एकीवर बसले.
"दुसरी कुणाला, सर?"
"असू द्या," म्हणाले,
"येईल कुणीतरी."