कोरा नमुना

विडी घरकुलातून चाळीस बाटल्या आल्या,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फ वितळत आलेला,
बाहेर त्रेचाळीस अंश.
प्रत्येकीवर फक्त आकडा. नावं वहीत, वही कुलपात.
एकवीस नंबर: वय सात. विडी ओढत नाही, वळत नाही.
झोपतो तेवढा त्या खोलीत
तंबाखूच्या पोत्याकडे पाय करून.

हिरेमठ सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
लघवीत नुसत्या निकोटीनवर विसंबू नकोस,
ते हातावरचंही असतं, बुचावरचंही.
कोटिनीन बघ.
ते यकृतातून जाऊन आलेलं असतं.
मला वाटलं, सासरी जाऊन आलेल्या मुलीसारखं,
नाव बदललेलं, आणि आता झालंच नाही म्हणता न येणारं.

प्रत्येक खेपेआधी कोरा नमुना चालवायचा.
नुसतं शुद्ध पाणी. बाकी सगळं तेच,
तीच पिपेट, तीच कुपी, तेच दोन हात.
त्यात काहीही दिसता कामा नये.
कोरा कोरा निघाला
तरच पुढच्या चाळिसांचं खरं.

सहा मिनिटं बारा सेकंदांनी
सपाट रेषेवर एक टेकाड उठलं.
निकोटीन.

पाणी बदललं. मिथेनॉलची नवी बाटली फोडली.
कुप्या भट्टीत भाजल्या.
आतला स्तंभही बदलला, ज्याला सरांची सही लागते.
टेकाड तिथल्या तिथे,
ओळखीचं असल्यासारखं.

बुधवारी मी रजेवर. कोरा अनीसने केला.
रेषा सपाट, हिप्परग्याकडच्या उन्हाळी माळासारखी.
गुरुवारी मी आले, टेकाड आलं.
अनीस काही बोलला नाही.
चहा आणला, माझ्या वेणीकडे बघितलं,
आणि मग उगाच खिडकीबाहेर.

अम्मा रोज आठशे वळते. आधी हजार वळायची.
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं,
टोक दुमडताना नखाचा बारीक आवाज.
त्याच आवाजात मी एम.एस्सी. झाले.
दहावीपर्यंत मीही दोरा बांधायचे, सतराचा पाढा म्हणत,
हे मुलाखतीत सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी.
वास आम्हाला येत नाही.
पाहुणा शिंकला की आठवतं, घरात तंबाखू आहे.

सरांना सांगितलं.
ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, नोंद कर. कारण लिही.
नोंदवहीत रकाना आहे, दूषिततेचा स्रोत.
त्यात आजवर मी लिहिलंय:
हातमोजे. धूळ. जुनं बूच.
पेन बराच वेळ टेकवलाच नाही.
मग लिहिलं, विश्लेषक.
खाली सही करायची जागा, तिथेही छापलेलं होतं: विश्लेषक.

आता इथेच आंघोळ करते, केस टोपीत,
कपड्यांचा वेगळा डबा.
कोरा कोरा येतो.
चाळीसच्या चाळीस पुन्हा चालवले.
एकवीस नंबरमध्ये कोटिनीन सापडलं.
किती, ते अहवालात आहे.
तीन नंबरसमोर 'आढळले नाही' लिहिलं,
म्हणजे नाही असं नव्हे,
आमच्या यंत्राची नजर तिथवर पोचत नाही, एवढंच.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी एक रिकामी बाटली घेतली.
चिकटपट्टीवर लिहिलं, एक्केचाळीस.
वय एकोणतीस. ओढत नाही. वळत नाही.
यंत्राने सुई बुडवली, जशी सगळ्यांत बुडवते.
मी खुर्ची वळवून बसले, पडद्याकडे पाठ करून,
आणि मिनिटं मोजली.

घरी पोचले तेव्हा अम्माचं सूप बाजूला होतं.
"तिन्नावा?"
जेवले म्हणाले, खोटंच.
तिने पदराला हात पुसले,
कडक भाकरी मोडली, चटणीत बुडवली,
घास पुढे केला.

मी तोंड उघडलं.