चौदा दिवस उघड्यावर

दारूखान्यात, भंगाराच्या दोन वखारींच्या मधोमध
मी पत्र्याची शेड घेतली, अकरा महिन्यांच्या करारावर.
आधी तिथे जहाजांचे दोरखंड ठेवत,
भिंतींना अजून काथ्याचा ओलसर वास.
पाटी रंगवायला दिली: सुलभा एक्स्पोर्ट्स.
सुलभा माझी बहीण. पैसे तिचे,
टेलिफोन खात्यातून लवकर सुटल्याचे.

सव्वीस वर्षं मी बेलार्ड इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर
इतरांच्या मालाचे कागद भरले:
बेदाणा, घोंगड्या, ग्रॅनाइट,
एकदा तर सर्कशीचा तंबू, खांबांसकट.
माल कधी डोळ्यांनी पाहिला नाही.
वाटलं, एकदा तरी आपल्या हाताला
आपल्या मालाचा रंग लागावा.

बँकेतले ओवळेकर म्हणाले,
"कोळसा? उगाळावा तितका..."
आणि पुढचं न बोलता शिक्का मारला.

दमामच्या गिऱ्हाइकाची अट एकच:
राख कमी, आणि तुकडा खणखणीत वाजला पाहिजे.
तो आवाज ऐकायला मी सुधागडात गेलो.
तोडीचा परवाना गाडीत दोनदा वाचला.
तोडलेली जागा एकदाच पाहिली.

सोमी मुकणे भट्टीवर उभी होती, अनवाणी,
लिंपलेल्या ढिगाला काठीने भोकं पाडत.
पांढरा धूर असला तर थांबायचं,
निळा आला की भोक बुजवायचं.
एवढंच तिचं दफ्तर.
तिने दोन तुकडे एकमेकांवर आपटले,
बांगड्या आपटाव्यात तसे.
"वाजतंय," मी म्हणालो.
"भाजतंयबी," ती म्हणाली, आणि तळवा दाखवला.

मग विचारलं, तिकडं झाडं नाहीत का?
कमी आहेत.
मग रांधतात कशावर?
गॅसवर. हा कोळसा मांस भाजायला, हौसेनं.
"हौसेनं," ती म्हणाली,
एखाद्या पाहुण्याचं नाव पहिल्यांदा घ्यावं तसं.

माल आला. तीनशे चाळीस पोती.
अंधेरीच्या प्रयोगशाळेत त्यातला एक लहानसा घन
चोवीस तास भट्टीत ठेवतात,
एकशे चाळीस अंशांवर,
पेट घेतो का बघायला, कुणी काडी न लावता.
आमच्याने घेतला.

जहाज कंपनीने कागद परत केले.
न्हावाशेवाला आमच्या नावचा कंटेनर
दुसऱ्या कुणाच्या टाइल्स घेऊन गेला,
भाडं मात्र आमच्याकडेच राहिलं.

सोमीच्या भाच्याच्या फोनवर मी ओरडलो.
ती शांतपणे म्हणाली,
"काढल्या काढल्या भरलास ना?
वरून गार झाला म्हणजे झोपला असं नाही.
पुनवेपासून अवसेपर्यंत पसरून ठेव, वारा खाऊ दे."
फोन ठेवून नियमपुस्तक उघडलं.
पान एकशे बारा, बारीक टायपात:
चौदा दिवस, उघड्यावर.

म्हणून शेडमागच्या मोकळ्या फरशीवर
आम्ही पोती रिकामी केली.
शेजारचे भंगारवाले येऊन बघून गेले,
एकाने विचारलं, सुकवताय काय, बोंबील?

रात्री हिशेब केला, भिंतीवर, कोळशानेच:
टनामागे चारशे दहा डॉलर.
सोमीला पोत्यामागे पस्तीस रुपये.
दुसरा आकडा बोटाने पुसला,
तर आणखी पसरला,
आता दारातूनही दिसतो.

अकराव्या दिवशी सुलभा डबा घेऊन आली.
मी ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला.
कोमट.
"उन्हाचं असेल," मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.
बांगडी वर सारली,
आणि माझ्या हाताशेजारी
तिनेही हात घातला.